चुली किती?

सासू : मी सांगितलं होतं, वरचा पत्रा बोलतोय म्हणून. वादळाच्या कितीतरी आधी.

सून : आणि मी म्हटलं होतं, बोलू दे, सगळ्या गल्लीतले पत्रे बोलतात. आता तेच किती वेळा ऐकवाल, आई? इथल्या बाईंना त्याचं काय?

कारकूनबाई : खरंच काही नाही. अर्जात ‘पत्रा काही बोलला होता का’ असा रकाना नाही. आधी बसून घ्या दोघी. बाक पहिलीच्या मुलांचे आहेत, गुडघे जरा तिरके घ्यावे लागतात. मदत केंद्राला शाळेचा वर्ग मिळाला, मी तरी काय करू? मीही इवल्याशा खुर्चीतच अडकलेय.

सून : तिथे नको, आई. पंखा कसा डुगडुगतोय बघा. या बाजूला या. आणि बाळाला माझ्याकडे द्या.

सासू : झोपलीय ती. तुझ्याकडे दिली की डोळे उघडेल. पंखा शाळा बांधल्यापासून डुगडुगत असेल, आज नेमका माझ्याच डोक्यावर पडायचाय होय?

सून : पत्राही बांधल्यापासून बोलतच होता.

सासू : बघा, आला ना माझाच शब्द माझ्या गळ्याशी!

कारकूनबाई : आता माझं ऐका. तुमचा अर्ज परत का आला ते सांगते. आज शेवटचा दिवस, म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं. वादळात वरच्या मजल्याचं छप्पर गेलं, त्याची मदत मागितलीत. आमचा माणूस पाहणी करून गेला. त्याने लिहिलंय, घर एक, चूल एक, वरचा भाग माळा. राहत्या घराचं छप्पर गेलं तर मदत मिळते. माळ्याचं गेलं तर नाही.

सासू : माळा? माळ्यावर फुटक्या बादल्या ठेवतात. मी काय फुटकी बादली आहे?

कारकूनबाई : मी नाही म्हणत, आजी. कागद म्हणतोय.

सून : पण बाई, आमच्या खोलीचं छत म्हणजे वरच्या खोलीच्या फळ्याच आहेत. वर छप्पर नाही, म्हणजे पाणी सरळ खाली. ताडपत्री बांधलीय, ती वाऱ्याने सारखी सुटते. परवा एक सर आली आणि पाळण्यात ओल. मी पाळणा खोलीभर फिरवतेय, कोरडा कोपरा शोधत. बाळ वेळेआधी झालेलं आहे, तिची छाती लगेच भरते. रात्री मी तिच्या नाकाशी बोट धरून बसते, श्वास बघत.

कारकूनबाई : पटतंय मला. तुमच्याकडे बघूनच झोप किती झालीय ते कळतंय. पण मदत माणसांवर नाही, मजल्यांवर नाही, चुलीवर आहे. जितक्या चुली, तितकी घरं.

सासू : मग आम्हाला काहीच मिळायचं नाही. चूल आहेच कुठे? हिच्याकडे शेगडी आहे. माझ्याकडे होती, ती वारा घेऊन गेला. शिंप्याच्या अंगणात सापडली, उताणी.

कारकूनबाई : चूल म्हणजे खरोखरची चूल नव्हे हो. स्वयंपाक वेगळा असला, की चूल वेगळी धरतात. तुमचा स्वयंपाक एकत्र, म्हणून चूल एक.

सून : एकत्र नव्हता.

कारकूनबाई : म्हणजे?

सून : वादळ आलं त्या दिवशी आमच्या दोन चुली होत्या. आई वर आपलं करून जेवायच्या, मी खाली माझं.

कारकूनबाई : मग पाहणीच्या माणसाला एक कशी दिसली?

सासू : तो आला तेव्हा मी खाली राहायला आले होते ना! त्याला दोन दिसाव्यात म्हणून उघड्या आभाळाखाली, चेपलेल्या शेगडीवर भात शिजवायचा होता का मी?

कारकूनबाई : नुसतं त्याने बघितलं असं नाही. शेजाऱ्यांना विचारलंय. तुमच्या समोरच्या शिंपीणबाईंचा जबाब आहे इथे. वाचू? ‘सासू-सून अगदी मायलेकींसारख्या राहतात. घरातून कधी वर आवाज नाही. पहिल्यापासून एकाच पातेल्यातलं जेवतात.’

सासू : ही शिंपीण! अगं बाई, तिच्याच ओट्यावर बसून मी रोज हिच्याबद्दल...

सून : माझ्याबद्दल काय?

सासू : हवेबद्दल बोलायचे. उकाडा किती वाढलाय वगैरे.

कारकूनबाई : सगळं माहीत असून खोटं का सांगितलं त्यांनी?

सून : चांगुलपणाने. हातात कागद घेतलेला माणूस दारात बघितला, त्याने विचारलं, या दोघींचं कसं काय आहे? काकूंना वाटलं, घरातलं बाहेर कशाला काढा. संध्याकाळी येऊन मला कानात सांगून पण गेल्या, काळजी करू नकोस, मी सगळं गोड बोलले.

सासू : आमची अब्रू झाकली आणि डोकं उघडं टाकलं.

कारकूनबाई : आता माझी पंचाईत समजून घ्या. चुलीवर मदत आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. सकाळपासून या वर्गात नुसती भांडणं चाललीत. एक जोडपं आलं. इतकं भांडलं, इतकं भांडलं, मला वाटलं आता खडू-डस्टर उडणार. म्हणे आमच्या चुली लग्नापासून वेगळ्या. मग खिडकीतून बघते तर फाटकाशी उभे राहून एकाच कपातला चहा फुंकरून पितायत! आणि तुम्ही. एकीने बाळ धरलंय, दुसरी त्याचं टोपडं सारखं करतेय. तुमच्या दोन चुली मी कोणत्या तोंडाने लिहू?

सासू : मग काय, भांडून दाखवू? त्यात काय अवघड आहे? हिला नुसतं म्हणा, बाळ जरा सावळं दिसतंय...

सून : सावळं? कुठे? पिवळं तर नाही ना दिसत? आई, उजेडाकडे धरा तिला.

सासू : बघा. सुरू झालं.

कारकूनबाई : नको, भांडून नको! मी विचारते, त्याची सरळ उत्तरं द्या. घरातला पुरुष माणूस कुठे असतो? त्यांना फोन लावा, ते सांगतील चुली एक की दोन.

सून : ते जहाजावर असतात. आणि... त्यांना माहीत नाही.

कारकूनबाई : चुली वेगळ्या झाल्या हे तुमच्या नवऱ्याला माहीत नाही? त्यांचा फोन येत नाही का?

सून : दर रविवारी येतो. मी सांगते, आई मजेत आहेत. मग फोन नेऊन जिन्याच्या पायरीवर ठेवते. आई येऊन उचलतात आणि सांगतात, सूनबाई मजेत आहे.

कारकूनबाई : पायरीवर का? हातात नाही देत?

सासू : हातात दिला तर ‘घ्या’ म्हणावं लागतं. मला ‘आण’ म्हणावं लागतं. बोलणं होतं.

कारकूनबाई : म्हणजे बोलणंसुद्धा बंद? मग मघाशी म्हणालात, पत्रा बोलतोय हे तुम्ही हिला आधीच सांगितलं होतं. ते कसं सांगितलंत?

सासू : हिला कुठे सांगितलं? हिच्या लेकीला सांगितलं. जिन्यातून वाकून. ‘बबडे, तुझ्या आईला सांग गं, वरचा पत्रा बोलतोय.’

सून : मी पण बबडीलाच म्हटलं, ‘आजीला सांग, बोलू दे.’

कारकूनबाई : बबडी बोलते?

सून : अजून नीट बसत पण नाही.

सासू : पण निरोप्या म्हणून चोख. इकडचा शब्द तिकडे करत नाही.

कारकूनबाई : हे मात्र कुणाला रचून सांगता यायचं नाही... थांबा, मला हे नीट समजून घेऊ दे. आजी, तुम्ही बाळाला घेऊन जरा वऱ्हांड्यात उभ्या राहता? यांच्याशी एकटीशी बोलते. नंतर तुमच्याशी.

सासू : राहते की. माझ्यासमोर तिला खरं सांगता येणार नाही, आणि मला खोटं.

(सासू बाळाला खांद्यावर टाकून वऱ्हांड्यात जाते. सून मान वाकडी करून बघते, आणि बाळाचं टोपडं दिसत राहील अशा बाकावर सरकून बसते.)

कारकूनबाई : आता सांगा, बिनसलं कशावरून?

सून : अर्जात लिहायचं आहे?

कारकूनबाई : ‘कारण’ म्हणून एक रकाना आहे. पण खरं सांगायचं तर मलाच जाणून घ्यायचंय.

सून : हातांवरून.

कारकूनबाई : हात उगारला?

सून : नाही नाही! बाळाला नुकतं घरी आणलं होतं. एवढीशी होती, दोन्ही पंजांत मावेल एवढी. दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं, सांभाळा, जंतूंपासून जपा. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नसायचं. दारातून कुणी आलं की मला माणूस दिसायचाच नाही, त्याच्या अंगावरचे जंतू दिसायचे. आई बाळाला घ्यायला हात पुढे करायच्या आणि मी विचारायचे, हात धुतलेत का?

कारकूनबाई : यात काय चुकीचं आहे?

सून : काहीच नाही. मलाही तसंच वाटायचं. चहा घेतलात का म्हणून विचारावं तसं विचारायचे. दर वेळी. उजवीकडून घ्यायला आल्या तरी, डावीकडून आल्या तरी. एकदा शिंपीणकाकू बाळ बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर विचारलं. आईंनी पुढे केलेले हात मागे घेतले. स्वतःच उलटेसुलटे करून बघितले. दुपारी शेगडी उचलली आणि वर गेल्या.

कारकूनबाई : तुम्ही अडवलं नाहीत?

सून : मला वाटलं, रात्री उतरतील. रात्री वाटलं, सकाळी. नंतर अडवायची वेळ टळून गेली. मग काय बोलायचं तेच सुचेना. चार पायऱ्या चढल्या की आठवायचं, आपण तर काही वाईट बोललोच नव्हतो. की परत खाली.

कारकूनबाई : हळू बोला जरा. तुमच्या मागे भिंतीवर काय लावलंय बघितलंत? मुलांसाठी आहे. ‘जेवणापूर्वी हात धुवा.’

सून : आल्या आल्या बघितलं. म्हणून तर आईंना त्याच्याकडे पाठ करून बसवत होते. त्या पंख्याखालीच बसायचं म्हणाल्या.

कारकूनबाई : मग एवढे दिवस त्या वर, तुम्ही खाली. त्या जेवल्या, झोपल्या, बऱ्या आहेत, हे तुम्हाला कळायचं कसं?

सून : भांडी आदळायच्या ना!

कारकूनबाई : भांडी?

सून : सकाळी उठल्या की पातेलं आपटायच्या. दुपारी झाकण. रात्री कढई. माझ्यावरचा सगळा राग त्या भांड्यांवर. आधी मला संताप यायचा, बाळ दचकून रडायचं. मग बाळाला सवय झाली, ते त्या आवाजाला हसायला लागलं. आणि मला... सांगू का, दुपारचं झाकण वाजेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरेना. एखाद्या दिवशी उशीर झाला तर मी जिन्यात जाऊन उभी राहायचे. वाजलं, की परत यायचे.

कारकूनबाई : वर जाऊन विचारायचं तरी.

सून : काय विचारणार? आज अजून चिडला नाहीत का?

कारकूनबाई : आणि वादळाच्या दिवशी?

सून : त्या दिवशी सगळीकडूनच आवाज येत होते. कुठे खिडकी आपटत होती, कुणाची तरी पाण्याची टाकी गडगडत गेली रस्त्यावरून. मग आमच्या डोक्यावर खिळे उपटल्यासारखे आवाज, आणि पत्रा गेला. मला कळलं, आपलाच गेला. मी कान लावून बसले. म्हटलं, आता आदळतील काहीतरी. पातेलं, झाकण, काहीही. काहीच वाजेना.

कारकूनबाई : मग?

सून : बाळाला धुण्याच्या टोपलीत घातलं, टोपली स्वयंपाकाच्या ओट्याखाली ढकलली, आणि वर गेले. जिना घराबाहेरून आहे. कठड्याला मिठी मारत मारत गेले.

कारकूनबाई : बाळाला एकटं टाकून? तुम्ही? मघाशी पंख्याखाली बसू देत नव्हतात.

सून : ते नका विचारू. ती टोपली मला अजून स्वप्नात दिसते. कधी रिकामी असते.

कारकूनबाई : बरं, राहू दे. वर काय होतं?

सून : आभाळ होतं. आणि खाटेचा पाय धरून बसलेल्या आई.

सासू : रागाने नव्हते आदळत.

कारकूनबाई : आजी! तुम्हाला वऱ्हांड्यात थांबायला सांगितलं होतं.

सासू : पाय वऱ्हांड्यातच होते. कानांना कुठे थांबवणार? आणि मला ओली करून ठेवलीय बबडीने, दुपटं बदलायचंय. घे, धर.

सून : रागाने नव्हे, तर मग कशाने?

सासू : दुपटं दे आधी. ...एकटं माणूस वर. कधी चक्कर आली, पाय घसरला, तर खाली कळणार कसं? बोलणं तर बंद. म्हणून वाजवायचे. उठले गं. जेवले गं. आता निजते गं. एवढंच.

सून : इतक्या जोरात?

सासू : हळू वाजवून तुला ऐकू गेलं असतं? तुझं दार कायम लावलेलं, बाळाला वारा लागतो म्हणून.

सून : दार मी उघडं ठेवायला लागले होते. तुमच्या आवाजासाठी.

सासू : ते मला कोणी सांगायचं? बबडीने?

कारकूनबाई : पण आजी, मग त्याच दिवशी का नाही वाजवलंत? ज्या दिवशी खरी गरज होती?

सासू : काय वाजवू? पत्र्यामागोमाग पातेली गेली, कढई गेली, शेगडी गेली. वाजवायला एक भांडं नव्हतं. मुठीने फळ्या ठोकत होते मी, पालथी पडून. पण त्या वाऱ्यात मुठीचा आवाज तो केवढा!

सून : फळ्या ठोकत होतात?

सासू : बरोबर तुझ्या डोक्यावर.

सून : नाही आलं हो ऐकू. शप्पथ नाही आलं.

सासू : माहीत आहे. तरी आलीस.

कारकूनबाई : ...पाणी हवंय का कुणाला? माठ मागे आहे. नको? बरं. मग मी लिहिते. ‘वादळाच्या दिवशी सदर घरात दोन चुली होत्या. वरच्या मजल्यावर वेगळं कुटुंब राहत होतं. फेरपाहणी व्हावी.’ माझा शेरा आणि शिक्का. मिळेलच असं छातीठोक सांगत नाही, पण असा शेरा असला की कागद सहसा मागे येत नाही. तुमची शिंपीणबाई या वेळी खरं सांगेल ना?

सासू : सांगेल म्हणजे? इतके दिवस पोटात ठेवून तिचं पोट फुगलंय. तुमच्या माणसाला घाई असली तर दुसऱ्या घरापासून सुरुवात करा म्हणावं.

कारकूनबाई : मग इथे दोघींच्या सह्या. ‘आम्ही विभक्त आहोत.’

सून : थांबा.

कारकूनबाई : आता काय राहिलं?

सून : हा शब्द बदलता येईल? ‘विभक्त.’

कारकूनबाई : छापील आहे तो.

सून : मग... मग एकच चूल राहू दे. पाहणीत लिहिलंय तसं.

सासू : अगं, डोकं फिरलं का तुझं? पाळणा काय छत्रीखाली टांगणार आहेस?

सून : मी करेन काहीतरी. ताडपत्री दुहेरी घालू. नाहीतर फळ्यांच्या फटी बुजवून घेऊ.

सासू : फटी कशाने बुजवणार? माझ्या जुन्या साड्यांनी? आधी सकाळपासून मला ओढत आणलंस, रांगेत उभं केलंस, अनोळखी बाईसमोर आपली लक्तरं काढलीस...

सून : छप्पर झालं की तुम्ही वर जाल.

सासू : जाईनच. माझी खोली आहे ती.

सून : मग परत तेच. पायरीवर फोन. बबडीला निरोप. आणि आता तर आपल्या सह्या पण असणार खाली, विभक्त म्हणून. बबडीचे बाबा वाचतील कधीतरी तो कागद. बबडी वाचेल.

कारकूनबाई : ताई, माझं ऐकाल? हा कागद फक्त वादळाच्या दिवसाचं विचारतो. त्या दिवशी दोन चुली होत्या, हे खरं आहे ना? मग खरं तेच लिहा. उद्या तुमच्या घरात चूल कुठे पेटेल, कोण कुणाला वाढेल, ते या खात्याचं काम नाही. त्याला रकानाच नाही.

सून : पण तुम्हाला काय वाटतं, आई?

सासू : मला वाटतं, मी वर झोपेन. खाली तू रात्रभर दिवा लावून पोरीच्या नाकाशी बोट धरून बसतेस, मला झोप नाही लागत. आणि जेवायचं म्हणशील, तर माझी शेगडी चेपलीय. नवी काही मी आणत नाही.

सून : मग खाली जेवाल?

सासू : बोलावलंस तर.

सून : बोलवायला कशाला लागतं? घर तुमचंच आहे.

सासू : लागतं. रोज नको बोलावूस. एकदाच बोलाव, पण मलाच. बबडीला सांगून नको.

सून : ...आई, जेवायला खाली येत जा.

सासू : येत जाईन. आणा तो कागद. कुठे करू सही? अंगठा नाही हं, सही येते मला. चष्मा तेवढा दे गं हिच्या पिशवीतला. दुपट्यांच्या खाली असेल.

कारकूनबाई : ‘कारण’ या रकान्यात काय लिहू? नुसतं ‘घरगुती’ लिहिते.

सासू : लिहा. वाचणाऱ्याला काय कळायचंय ते कळेल. सगळ्यांच्याच घरी काही ना काही असतं.

सून : बाळ, तो शिक्का तोंडात नाही घालायचा. सोड. शाई आहे ती, सोड बघू.

कारकूनबाई : राहू दे, झाकण लावलेलं आहे. ...एक विचारू का? हे कागदासाठी नाही हं. वरचा आवाज थांबला, ते तुम्हाला लगेच कळलं? त्या एवढ्या गोंगाटात?

सून : लगेच. आवाज असतो तेव्हा आपण ऐकत नाही. नसला की ऐकायला लागतो. का हो?

कारकूनबाई : काही नाही. माझ्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात. एकटेच. त्यांना खुर्ची ओढायची सवय. उठले की खर्रकन, बसले की खर्रकन. माझी झोपमोड व्हायची. शेवटी वर जाऊन बोलले एकदा. बिचारे फार ओशाळले. म्हणाले, खुर्चीच्या पायांना फडकी बांधून टाकतो. तेव्हापासून बिलकुल आवाज नाही. मी म्हटलं, चला, सुटले.

सासू : हे वादळाच्या आधी की नंतर?

कारकूनबाई : आधी. दोन-चार दिवस आधी.

सासू : आणि वादळ झाल्यावर दिसले होते का कधी? जिन्यात, दुकानात?

कारकूनबाई : मी घरी असते कुठे? सकाळी इथे येते ती अंधार पडल्यावर जाते. गेले की आडवी होते. आमच्या इमारतीला तसं काही झालेलं नाही, एकदोन काचा फुटल्या फक्त. त्यांचं काही असतं तर कुणीतरी म्हणालं असतं ना?

सून : म्हणालं असतं.

सासू : कुणी म्हणायला शेजारी कोण आहे त्यांना?

कारकूनबाई : खाली मीच.

सून : तुम्ही लांब राहता का?

कारकूनबाई : छे, शाळेच्या मागेच. ती पिवळी इमारत. पण आता रांग बघा केवढी आहे, जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ आहे. तुमच्या कागदावर शिक्का मारायचाय. दुपारनंतर आलेले कागद मोठे साहेब घेतीलच असं नाही, मी आधीच सांगून ठेवते.

सून : फडकी बांधली असतील. तसंच असेल, बाई, घाबरू नका. पण शिक्का परत आल्यावर मारा. आमचा नंबर गेला तर गेला, आम्ही इथेच बसतो. तुम्ही आधी एकदा वर जाऊन बघून या.